वाच, वाचून बघ, वाचायलाच हवं



आजचा विषय ऐकायला अगदीच साधा आहे. एक मित्र दुसऱ्याला म्हणतो, "हे पुस्तक वाच." बस्स, एवढाच. निगडी-आकुर्डीपासून भोसरीपर्यंत आणि तिकडे चाकणपर्यंत हे वाक्य रोज कुठं ना कुठं बोललं जातं. कंपनीच्या बसमध्ये, वाचनालयाच्या काउंटरपाशी, सकाळी फिरायला निघालेल्यांच्या घोळक्यात. समीक्षेच्या ग्रंथांत मात्र त्याला जागा नाही. तिथे रूपवाद असतो, वास्तववाद असतो, संरचना असते, मित्र नसतो. आणि तरीही एखादी कादंबरी पन्नास-साठ वर्षं टिकते ती कुणीतरी ती कुणाच्या तरी हातात ठेवत राहिलं म्हणून.

हे मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो. हे वाक्य बोलताना आपण नेमकं काय करत असतो? आणि ते नीट करतो का? आमचं मत असं, की बहुतेक वेळा नीट करत नाही. आपण फार स्वस्तात शिफारस करतो आणि त्याहून स्वस्तात मान डोलावतो.

'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगून टाकतो. आम्ही सहा-सात निवृत्त माणसं आहोत. कुणी टूलरूममध्ये होते, कुणी औषध कंपनीत, कुणी शाळेत. एक जण चाकणजवळच्या गावचे, शेती गेलेले. आणि आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून घसा बसलेले आम्ही. पंधरवड्यातून एकदा बसतो. नियम एकच: प्रत्येकानं एक जुनं, नावाजलेलं पुस्तक दुसऱ्या एखाद्याला सुचवायचं, आणि ज्याला सुचवलं त्यानं पुढच्या खेपेला बोलायचं. पहिले काही महिने फार छान गेले. सगळ्यांना सगळं आवडत होतं. 'अप्रतिम', 'काय लिहिलंय', 'डोळ्यांत पाणी आलं'. मग इन्स्पेक्शनमध्ये नोकरी केलेले आमच्यातले एक गृहस्थ एका संध्याकाळी म्हणाले, "सर, आमच्याकडे माल पास झाला तर नुसता शिक्का मारायचो. नापास केला तर लाल टॅग लावून कारण लिहायला लागायचं. कुठल्या जागी, किती जास्त, सगळं. तुमच्या पुस्तकांचं वेगळंच दिसतंय. पास करताना कारण नाही, आणि नापास तर कुणी करतच नाही."

सौंदर्यशास्त्रावरची बरीच व्याख्यानं आम्ही दिली, पण अडचण इतक्या थोडक्यात मांडलेली आम्हाला आठवत नाही.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच. इमॅन्युएल कांटनं 1790 च्या ग्रंथात दोन वाक्यांमध्ये फरक केला. एक, 'हे मला आवडतं'. दुसरं, 'हे सुंदर आहे'. एखादी दारू मला आवडते म्हणालो, तर तिथे वाद नाही. तुमची जीभ तुमच्याकडे, माझी माझ्याकडे. पण 'हे सुंदर आहे' म्हटलं की मी तुमच्याकडूनही होकार मागत असतो. मागतो, पण सिद्ध करून देऊ शकत नाही. त्याला व्हर्निअर लावता येत नाही. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या 1974 च्या ग्रंथात कांटची ही बाजू अत्यंत काटेकोरपणे मराठीत आणली. ज्यांना वेळ आहे त्यांनी तो ग्रंथ घ्यावा. सोपा नाही, पण कुठंही फसवत नाही.

आमचं म्हणणं इतकंच, की मित्रांच्या बोलण्यात या दोहोंच्या मधलं एक तिसरं वाक्य असतं, आणि त्याच्याकडे कांटनं पाहिलेलं नाही. ते वाक्य म्हणजे 'हे तुला आवडेल'. यात 'मला'पुरता संकोच नाही आणि 'सर्वांना' असा दावाही नाही. त्यात पुस्तकाविषयी एक अंदाज आहे आणि समोरच्या माणसाविषयीही एक अंदाज आहे. दोन्ही चुकू शकतात. म्हणूनच नको ते पुस्तक कुणी आपल्याला सुचवलं की आपण नकळत दुखावतो. 'हा मला असा समजतो होय?' असं मनात येतं.

आपल्या भाषेत या शिफारशीच्या पायऱ्या आहेत, बघा. 'वाच' ही आज्ञा आहे, जवळच्यालाच करता येते. 'वाचून बघ' यात मोकळीक आहे. नाही पटलं तर परत दे. आणि 'वाचायलाच हवं' यात मित्र गायब होतो. तिथे पुस्तकाची प्रतिष्ठा बोलत असते. 'कोसला' वाचायलाच हवी, 'रणांगण' वाचायलाच हवं. का, ते सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यानं यादीवर टाकलेली असते. आमच्या बैठकीत आम्ही हा तिसरा प्रकार बंद करून टाकला. त्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही.

या यादीच्या मागे उभा असलेला शब्द म्हणजे 'अभिजात'. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तो जरा जास्तच कानावर येतो. भाषेच्या बाबतीत तो सरकारी निकषांचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. पण शब्द मुळात बघा. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. पाश्चात्यांचा 'क्लासिक' शब्द तरी वेगळा असेल असं वाटतं, पण तोही त्याच गोत्रातला. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस या रोमन लेखकाच्या ग्रंथात 'क्लासिकस' हा शब्द लेखकाला लावलेला सापडतो, आणि तो मूळचा कर भरणाऱ्या वरच्या वर्गातल्या नागरिकाचा आहे. त्याच्या विरोधात तिथे कोणता शब्द ठेवलाय? 'प्रोलेटेरियस'. ज्याच्याकडे पोरंबाळं सोडून दुसरी मालमत्ता नाही तो. म्हणजे आपल्या या पट्ट्यातला, पहाटेची पाळी करणारा माणूस. थोरल्या पुस्तकांना दिलेल्या नावातच त्याला दाराबाहेर उभं केलेलं आहे.

आणि गंमत अशी, की आमच्या बैठकीत हातोहात सर्वांत जास्त फिरलेली कादंबरी कोणाची? ज्याला कुळावरून हिणवलं, त्या कर्णाची. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', 1967 ची.

इथं जरा थांबलं पाहिजे. 'मृत्युंजय'विषयी आमच्यासारख्या अध्यापकांच्या वर्तुळात नाक मुरडण्याची पद्धत आहे, आणि वर्तुळाबाहेर तिच्याविषयी ब्रही काढायचा नाही अशी पद्धत आहे. दोन्ही आळशी आहेत. आमच्यातल्या टूलरूमवाल्या मित्रांनी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती त्यांची कंपनी बंद पडली त्या वर्षी. हातात कसब होतं, आणि ते कसब कुणी विचारत नव्हतं. विचारायचे ते वय आणि सर्टिफिकेट. अशा वेळी कवचकुंडलं घेऊन जन्माला आलेला आणि तरीही 'तू कोण, तुझं कुळ कोणतं' असं भर सभेत विचारला गेलेला माणूस त्यांना भेटला. ते म्हणतात, "ते पुस्तक नसतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही." आता अशा माणसाला तुम्ही काय सांगणार? शैली अलंकारिक आहे म्हणून?

होय. सांगायचं. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते सांगितलं, आणि फार नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, या कादंबरीत कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो, कृष्ण बोलतो. सहा माणसं. पण मी मधलंच एक पान उघडलं आणि वरचं नाव झाकलं, तर तुम्ही ओळखाल का कोण बोलतंय?" भाऊंनी पुस्तक घरी नेलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "नाही ओळखू आलं बऱ्याच ठिकाणी. सगळे एकाच सुरात बोलतात. पण ताई, रंगभूमीवर एकाच नटाला सहा वेश दिले तरी आपण बघतोच की. मला कर्णाचाच आवाज सगळीकडे ऐकायचा होता."

ही आमच्या मते समीक्षा. बाईंनी दोष दाखवला तो तपासून पाहता येईल अशा जागी बोट ठेवून. भाऊंनी तो तपासला, मान्य केला, आणि मग त्या दोषातूनच त्यांच्यासारख्या वाचकाला काय मिळतं तेही सांगितलं. आमचं स्वतःचं मत बाईंच्या बाजूचं आहे. कुंतीनं मुलाला नदीत सोडणं आणि दुर्योधनाचा मत्सर यांची भाषा एकसारखी झळाळती असेल, तर कुंतीचं दुःख आपल्याला दिसतं पण बोचत नाही. पण हेही खरं, की 'कर्णाचाच आवाज सगळीकडे' हे कादंबरीच्या लोकप्रियतेचं स्पष्टीकरण आम्ही एकाही प्रबंधात वाचलेलं नाही.

डेव्हिड ह्यूमचा 1757 चा एक निबंध आहे, अभिरुचीच्या निकषावर. त्यात तो 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगतो. सांचो पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातली दारू चाखायला बोलावतात. पहिला चाखतो आणि म्हणतो, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. सगळे हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, आणि तळाशी चामड्याची वादी लावलेली एक जुनी किल्ली निघते.

ह्यूमला यातून असं दाखवायचं होतं, की सूक्ष्म रुची ही नुसती लहर नसते, वस्तूत खरोखर काही असतं. ते ठीकच. पण ही गोष्ट आम्ही वर्गात किती वर्षं सांगितली, आणि तिच्यातली दुसरी बाजू बैठकीत बसल्यावर जास्त ठळक झाली: दोघांना वेगवेगळी चव लागली आणि दोघंही बरोबर होते. एकट्याला अख्खी किल्ली लागली नसती. कारखान्यातल्या माणसाला हे नवीन नाही. बेअरिंग जायला आलं की एक जण स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मुठीला कान लावतो, दुसरा हात ठेवून गरमपणा बघतो. दोघांचं एकमेकांना खोडणं नसतं, जुळवणं असतं. मित्रांच्या मतभेदाचा उपयोग हा आहे. फक्त अट अशी, की दोघांनीही खरंच चाखलेलं असलं पाहिजे, आणि 'चांगली आहे' एवढ्यावर थांबता कामा नये.

थोरामोठ्यांच्यात हे कसं झालं त्याचं एक उदाहरण सांगतो. आमचं फार आवडतं आहे. टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती' 1879 मध्ये फ्रेंचमध्ये आली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या तुर्गेनेव्हनं ती आपल्या मित्राला, फ्लोबेरला पाठवली. आता हे लक्षात घ्या, की तुर्गेनेव्ह आणि टॉलस्टॉय यांचं 1861 मध्ये इतकं भांडण झालं होतं की गोष्ट द्वंद्वयुद्धापर्यंत गेली होती. पुढं सतरा वर्षं बोलणं नव्हतं, 1878 मध्ये समेट झाला. म्हणजे ज्याच्याशी इतकी वर्षं वैर होतं, त्याचं पुस्तक हा माणूस पॅरिसमध्ये स्वतः हातोहात पोहोचवत होता. शिफारशीतला निःस्वार्थीपणा याहून कुठं दिसणार?

फ्लोबेरनं जानेवारी 1880 मध्ये उत्तर लिहिलं. भारावून लिहिलं. वाचताना तोंडून उद्गार निघत होते, कधी कधी शेक्सपिअरची आठवण आली, असं सगळं त्यात आहे. आणि मग त्यानं सांगितलं, की पहिले दोन खंड थोर आहेत, तिसरा मात्र घसरतो. लेखक तेच ते सांगू लागतो आणि तत्त्वज्ञान झाडू लागतो. तिथून पुढं निसर्ग आणि माणसं दिसेनाशी होतात, लेखकमहाशय दिसू लागतात. तत्त्वज्ञानाचा धंदा केलेल्या आम्हाला हे वाचून बरं वाटतं असं नाही. पण खरं आहे. इतिहास कोण घडवतो यावरची ती लांबलचक प्रकरणं वाचून पाहा. नताशा नाचते त्या एका प्रसंगात इतिहासाविषयी जे कळतं, ते त्या प्रकरणांत कळत नाही.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. हे उत्तर आल्यावर तुर्गेनेव्हनं काय केलं? गोड तेवढं कळवलं का? नाही. त्यानं तो मजकूर टीकेसकट उतरवून टॉलस्टॉयला पाठवला. नुकताच समेट झालेला, माणूस तापट, तरी पाठवला. आणि आणखी एक गोष्ट: टॉलस्टॉयनं स्वतःच 1873 च्या आवृत्तीत ही तात्त्विक प्रकरणं कथेतून काढून शेवटी परिशिष्टात टाकली होती. म्हणजे फ्लोबेरच्या जिभेला जे लोखंड लागलं, ते पिंप भरणाऱ्याला आधीच जाणवलेलं होतं. फ्लोबेर त्याच वर्षी मे महिन्यात वारला.

मराठीत असं काही आहे का? आहे, आणि फार मोठं आहे. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार. जी.एं.ची पत्रं 'जी.एं.ची निवडक पत्रे'च्या पहिल्या खंडात आहेत, सुनीताबाईंची 'प्रिय जी. ए.' मध्ये. दोन वेगळी पुस्तकं. आपल्याकडे बहुतेक जण यातलं एकच वाचतात आणि मग एका बाजूचेच होऊन बसतात. दोन्ही शेजारी उघडी ठेवून वाचावीत. लोकांत फारसा न मिसळणारा एक लेखक आणि घर, दौरे, हिशेब सगळं सांभाळणारी एक वाचक, पुस्तकांवर मनसोक्त बोलतात. तिथे पुस्तक हे निमित्त आहे असं म्हणायची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. पुस्तक हा त्या मैत्रीचा ऐवजच आहे. ते काढलं तर मागे काय उरेल?

पण जी.एं.ची आम्हाला सर्वांत मोठी वाटणारी शिफारस पत्रांत नाही. ती त्यांच्या भाषांतरांत आहे. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या, मूळ 1940, 1946 आणि 1950 सालच्या, त्यांनी मराठीत आणल्या: 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. कथालेखक म्हणून स्वतःचं इतकं करायचं असताना दुसऱ्याच्या तीन कादंबऱ्या ओळीनं ओळ मराठीत लिहून काढणं म्हणजे 'वाचून बघ' हे वाक्य काही वर्षं खर्च करून बोलणं आहे. 'काजळमाया' आणि 'पिंगळावेळ' वाचणारे पुष्कळ भेटतात; या तीन पुस्तकांचं नाव काढणारा क्वचित.

आमच्या बैठकीत ती आली ती नावामुळे. चाकणजवळचे आमचे जे मित्र आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांची जमीन एमआयडीसीत गेली. पैसे मिळाले, घर झालं, मुलाला नोकरी लागली. त्यांची तक्रार अशी काही नाही. कादंबऱ्या मात्र ते वाचत नसत. 'शिवार' हा शब्द कव्हरवर बघून त्यांनी पुस्तक उचललं. गोष्ट ओहायोच्या जंगलाची. सेवर्ड नावाची मुलगी आईबापांबरोबर घनदाट रानात येते, तिथे सूर्यसुद्धा दिसत नाही. ती झाडांचा द्वेष करत मोठी होते, झाडं तोडून शेत करते, शेताचं हळूहळू शहर होतं. आणि म्हातारपणी, शहरात राहत असताना, तिला त्याच झाडांची आठवण येऊ लागते.

अण्णांनी तिन्ही वाचली. आमची सगळ्यांची कल्पना, की ते आता त्यांच्या जमिनीविषयी बोलतील आणि आम्ही हळहळू. त्यांनी वेगळंच काढलं. ते म्हणाले, "बाई खरी आहे. पण त्या रानात तिच्या आधी कोण राहत होतं, त्यांचं काय झालं, ते पुस्तक पुरतं सांगत नाही. आमच्याकडे कंपनी यायच्या आधी आम्ही होतो. आमच्या आधी कोण होतं ते मलाही सांगता येत नाही. म्हणून ते मला दिसलं."

मूळ रहिवासी त्या कादंबऱ्यांत आहेत, अजिबात नाहीत असं नाही. पण ते कडेला आहेत, हे खरं. रिक्टरच्या थोरवीवर लिहिताना ही जागा सहज निसटते. पहिलीच कादंबरी वाचणाऱ्या माणसानं ती दाखवली, आणि कांटच्या भाषेत बोलायचं तर त्यानं आपल्या 'आवडी'बद्दल एक शब्द न काढता दाखवली. आम्ही त्यांना 'तुम्हाला आवडेल' म्हणून पुस्तक दिलं होतं. आवडण्याच्या पलीकडचं काही घेऊन ते आले.

इतक्या लांब ओहायोपर्यंत गेलो, तर आता घराकडे येऊ. आमची स्वतःची शिफारस करायची पाळी आहे, आणि कारण न देता केली तर इन्स्पेक्शनवाले आम्हाला सोडणार नाहीत. पुस्तक आहे दि. बा. मोकाशींची 'आनंदओवरी'. इथून देहू किती लांब? तळवड्याच्या कारखान्यांच्या पलीकडे. भंडारा डोंगर, भामचंद्राचा डोंगर, ही आपल्या रोजच्या रस्त्यावरून दिसणारी ठिकाणं. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करत. त्यांनी 'पालखी' लिहिली ती वारीबरोबर पायी चालून. त्यांच्या लिहिण्यात तंत्रज्ञाचा एक गुण आहे: आवाज कुठून येतो ते सापडेपर्यंत ते काही बोलत नाहीत.

'आनंदओवरी' सांगतो तो कान्होबा, तुकोबांचा धाकटा भाऊ. तुकोबा नाहीसे झालेले आहेत, आणि हा भाऊ त्यांना शोधतो, आठवतो. संतचरित्राची सगळी परंपरा वैकुंठाकडे बघते. मोकाशी मागे राहिलेल्याकडे बघतात. परंपरा सांगते, की तुकोबांनी घरातल्या कर्जखतांचे दोन वाटे केले, आपला वाटा इंद्रायणीत बुडवला आणि दुसरा कान्होबाला दिला. हा प्रसंग ऐकताना आपण नेहमी बुडालेल्या कागदांकडे पाहतो. काठावर हातात अर्धे कागद घेऊन उभा राहिलेला माणूस कुणी पाहत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचंय. 1630 च्या दुष्काळानं घर फुटलंय, थोरली वहिनी त्यात गेली, सगळ्यांत मोठा भाऊ घर सोडून गेलाय. आणि आता हाही. कान्होबाचं प्रेम खरं आहे आणि त्याचा रागही खरा आहे, आणि मोकाशी दोन्हींना एकमेकांत विरघळू देत नाहीत. गाथ्यात कान्होबाचे म्हणून जे अभंग आहेत त्यांत भाऊ नेल्याबद्दल देवाशी उघड भांडण आहे. कादंबरीनं तो सूर पकडलेला आहे.

आमची शिफारस त्या सुरासाठी आहे. ज्याच्या घरातलं एखादं माणूस मोठ्या कामाला लागलं, मग ते भक्ती असो, चळवळ असो की युनियन, आणि ज्यानं मागे राहून रेशन भरलं, त्याला ही कादंबरी ओळखीची वाटेल. या पट्ट्यात अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत.

आता लाल टॅगही लावतो. आवलीच्या वाट्याला पुरेसं काही येत नाही असं आम्हाला वाटतं. भावाच्या मनाचा इतका कसून शोध घेणारा लेखक भावजयीच्या बाबतीत परंपरेनं दिलेल्या चित्राच्या जवळपासच राहतो. कान्होबाच्या डोळ्यांनी सांगायचं ठरवलं की त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसणार नाही, हे समजतं. तरी मागे राहिलेल्यांवरची कादंबरी म्हणून वाचताना सर्वांत जास्त मागे राहिलेली बाई ती आहे, आणि तिचा आवाज कमी येतो.

शिक्षिकाबाईंना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, आवली जिथे जिथे येते तिथे कान्होबाची वाक्यं बदलतात, तुटतात, आणि त्या तुटण्यात ती आहे. ती आम्हाला ऐकू येत नाही कारण आम्ही स्वतः धाकटे भाऊ आहोत. त्यांनी पानांचे नंबर लिहून दिलेत. अकरा जागा आहेत. आम्ही त्यातल्या चार पाहिल्या, त्यातल्या दोन पटल्या. बाकीच्या सात पुढच्या बैठकीपर्यंत पाहायच्या आहेत.

आज प्रत वाचनालयात मागे ठेवलेली आहे. ज्यांना न्यायची त्यांनी नोंद करून न्या. आणि प्रश्न असतील तर आता घेऊ.